नियंत्रित प्रवेशाच्या नेटवर्कवर आयपी पत्ता हाताने टाकावा की राखून ठेवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या सर्व इमारतींतील स्विचवर मागच्या सुट्टीत ८०२.१एक्स प्रमाणीकरण (पोर्टवर जोडलेल्या यंत्राची ओळख तपासण्याची पद्धत) आणि प्रवेश-नियंत्रणाची यंत्रणा सुरू झाली. त्याआधी प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी यंत्रे, कॅमेरे, प्रयोगशाळेतील लायसन्स सर्व्हर आणि काही विभागप्रमुखांचे संगणक यांना वर्षानुवर्षे हाताने टाकलेले आयपी पत्ते होते आणि ते बिनबोभाट चालत होते. आता ग्रंथालयाचा प्रिंटर सकाळी सापडत नाही, एका इमारतीतील हजेरी यंत्रे वीज जाऊन आली की तासभर गप्प राहतात आणि ‘आयपी कॉन्फ्लिक्ट’च्या, म्हणजे एकच पत्ता दोन यंत्रांकडे असल्याच्या, तक्रारी वाढल्या आहेत. हे पत्ते स्थिर ठेवावेत की डीएचसीपी सर्व्हरवर (यंत्रांना मागणीनुसार पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवर) राखीव करून घ्यावेत, म्हणजे त्या यंत्राला तो दर वेळी तोच पत्ता देईल, आणि पुढे त्यांची व्यवस्था कशी लावावी, असे आपण विचारले आहे. इंटरनेट पुरवठादाराकडून विकत घेतलेल्या सार्वजनिक स्थिर पत्त्याचा येथे संबंध नाही. हे सर्व आतल्या, खासगी पत्त्यांबद्दल आहे.

माझे उत्तर असे. ज्या मोजक्या यंत्रांवाचून पत्ते वाटण्याचे आणि प्रवेश देण्याचे कामच सुरू होऊ शकत नाही, तेवढ्यांनाच स्थिर पत्ता ठेवावा. ज्यांना कायम एकच पत्ता खरोखर लागतो अशा बाकीच्या सर्व यंत्रांना डीएचसीपीवर राखीव पत्ता द्यावा. ज्यांना तो लागतो असे केवळ सांगितले जाते, त्यांना दोन्हींपैकी काहीच देऊ नये. साध्या, खुल्या नेटवर्कवर स्थिर की राखीव हा बराचसा सोयीचा प्रश्न असतो. प्रवेश-नियंत्रण आले की तो सोयीचा राहत नाही, आणि आपल्या तीनही तक्रारींचे मूळ बरेचसे तेथेच आहे.

प्रवेश-नियंत्रण नसताना केबल लावली की पोर्ट सुरू होतो आणि यंत्र जो पत्ता सांगेल तो चालतो. नियंत्रण असताना क्रम उलटतो. आधी स्विच यंत्राची ओळख विचारतो, ती रेडियस सर्व्हरकडून (कोणाला आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या सर्व्हरकडून) तपासून घेतो, उत्तरादाखल त्या पोर्टला एखादा व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग) मिळतो आणि मगच पत्त्याचा प्रश्न येतो. म्हणजे यंत्र कोणत्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या कोणत्या गटात) बसणार हे ओळखीवरून ठरते आणि ते दर वेळी तेच असेल असे नाही. प्रमाणीकरण फसले तर विलगीकरणाचा (ओळख न पटलेल्या यंत्रांना बाजूला ठेवणारा) व्हीलॅन मिळेल, प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर हलवला तर त्या इमारतीचा व्हीलॅन मिळेल. डीएचसीपीवर चालणारे यंत्र जेथे पडेल तेथला पत्ता घेते आणि निदान दिसत तरी राहते. हाताने १०.४०.१२.३५ टाकलेले यंत्र १०.९०.०.० च्या विलगीकरणात जाऊन पडले तर ते तेथेही स्वतःला १०.४०.१२.३५ च म्हणवून घेते, जुनाच गेटवे (सबनेटबाहेर जाण्याचे दार) शोधत बसते आणि कोणालाच सापडत नाही. आपण जागेवर जाऊन पाहता तर केबल ठीक, दिवा हिरवा आणि पडद्यावर पत्ता बरोबर. अशा तक्रारीत अर्धा दिवस सहज जातो.

आता हजेरी यंत्रांचा तो तासभर कोठून येतो ते पाहू. या यंत्रांना ८०२.१एक्स बोलता येत नाही, म्हणून स्विच त्यांना मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या कारखान्यातून आलेल्या क्रमांकावरून) आत घेतो. वीज आली की स्विच आणि यंत्रे दोन-चार मिनिटांत उभी राहतात, पण रेडियस सर्व्हर ज्या यंत्रावर आहे ते उभे राहायला जास्त वेळ लागतो. स्विच ओळख विचारतो, उत्तर येत नाही, म्हणून तो सर्व्हर मेला असे समजून पोर्टला अशा वेळेसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकतो. हजेरी यंत्राचा पत्ता स्थिर, त्यामुळे ते तेथे निरुपयोगी. पुढे सर्व्हर जिवंत झाला तरी पोर्टची फेरतपासणी तिच्या ठरल्या वेळेलाच होते आणि अनेक स्विचवर हा अवधी ३,६०० सेकंदांचा ठेवलेला असतो. म्हणून तासभर. आपल्या स्विचची ही संख्या एकदा पाहून घ्या. बहुधा ती हीच निघेल. उपाय तीन आहेत आणि तिन्ही करावेत. रेडियस, डीएचसीपी आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर अशा यूपीएसवर ठेवावेत की इमारतीची वीज गेली तरी ते चालू राहतील. सर्व्हर मिळेनासा झाल्यास वापरायचा व्हीलॅन यंत्रांच्या पोर्टवर त्यांचा नेहमीचाच व्हीलॅन असावा. आणि सर्व्हर परत आल्याचे कळताच पोर्टची ओळख नव्याने तपासावी अशी सूचना स्विचला द्यावी. बहुतेक व्यवस्थापनक्षम स्विचवर ती सोय असते.

ग्रंथालयाच्या प्रिंटरची गोष्ट वेगळी आणि जास्त शिकवणारी आहे. मॅक पत्त्यावरून ओळख पटवायची तर यंत्राने निदान एक पॅकेट तरी पाठवले पाहिजे, कारण त्याशिवाय स्विचला त्याचा मॅक पत्ता कळतच नाही. रात्री कोणी काही छापत नाही, प्रिंटर झोपतो, ठरलेल्या निष्क्रियतेच्या अवधीनंतर स्विच त्याचे सत्र संपवतो आणि पोर्ट पुन्हा बंद होतो. काही प्रिंटर गाढ झोपेत जाताना जोडणीचा वेग एक गिगाबिटवरून १० मेगाबिटवर उतरवतात. त्या क्षणी जोडणी तुटून पुन्हा जुळते, स्विचच्या दृष्टीने नवे यंत्र आलेले असते, आणि प्रिंटर तर झोपलेला, तो तोंड उघडत नाही. सकाळी ग्रंथपाल छपाईचा आदेश देतात, तो स्विचपर्यंत येतो, पण बंद पोर्टमधून आत जात नाही आणि प्रिंटरला जागे करणारा तोच आदेश होता. मग कोणीतरी जाऊन प्रिंटरचे बटण दाबते, तो जागा होऊन एखादे पॅकेट सोडतो आणि सगळे सुरळीत होते. ‘बंद करून चालू केले की चालतो’ ही तक्रार अनेकदा याच जातीची असते.

स्थिर पत्त्यामुळे यंत्राला गप्प बसण्याचा परवाना मिळतो, तो असा. डीएचसीपीवरील यंत्राला मात्र लीजच्या, म्हणजे पत्ता वापरायच्या ठरलेल्या मुदतीच्या, निम्म्या अवधीला नूतनीकरण मागावे लागते, ते जमले नाही तर ८७.५ टक्क्यांवर पुन्हा प्रयत्न करावा लागतो, म्हणजे त्याला अधूनमधून बोलावेच लागते. विंडोज सर्व्हरवर लीज मूळची ८ दिवसांची असते, म्हणजे यंत्र चार दिवस गप्प बसू शकते. प्रिंटर आणि हजेरी यंत्रांच्या स्कोपसाठी (डीएचसीपी सर्व्हरवरील त्यांच्या पत्त्यांच्या पट्ट्यासाठी) मी ती ४ तासांवर आणतो. पत्ता राखीव असल्याने लीज लहान असूनही तो बदलत नाही आणि सर्व्हरवर पडणारा भार नगण्य असतो. त्याच्या जोडीला, पोर्टचे नियंत्रण फक्त आत येणाऱ्या दिशेने ठेवण्याची सोय वापरावी, म्हणजे ओळख पटण्यापूर्वीही स्विचकडून यंत्राकडे पॅकेट जाऊ शकेल आणि छपाईचा आदेशच प्रिंटरला जागे करील. जे प्रिंटर झोपेत नूतनीकरणही मागत नाहीत, त्यांची गाढ झोप त्यांच्या मेनूतून बंद करावी. विजेची बचत थोडी कमी होईल, पण ग्रंथपालांची रोजची फेरी वाचेल.

येथे वेळेचा आणखी एक पेच आहे. काही स्विच मॅकवरून ओळख पटवण्याआधी ८०२.१एक्सची विचारणा ३० सेकंदांच्या अंतराने तीनदा करतात आणि उत्तर न आल्यास मगच, म्हणजे दीड मिनिटानंतर, दुसऱ्या मार्गाला लागतात. तेवढ्या वेळात साध्या यंत्रांचा डीएचसीपीचा धीर सुटतो आणि ते १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःलाच देऊन बसतात. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारते, पण स्वस्त कॅमेरा विचारेलच असे नाही. हा अनुभव आलेले लोक ‘डीएचसीपी बेभरवशाचे’ म्हणून पुन्हा हाताने पत्ते टाकू लागतात. खरे तर विचारणेचे अंतर १० सेकंदांवर आणले, किंवा प्रिंटरसारख्या यंत्रांच्या पोर्टवर मॅकची तपासणी आधी लावली, की हा पेच सुटतो.

राखीव पत्त्याच्या बाजूने सर्वांत वजनदार कारण मात्र दुसरेच आहे. आपण बसवलेल्या यंत्रणेचे अर्धे ज्ञान डीएचसीपीच्या देवाणघेवाणीतून येते. यंत्र पत्ता मागताना पर्याय ५५ मध्ये काय काय हवे याची यादी देते, पर्याय ६० मध्ये आपला प्रकार सांगते, आणि त्यावरून हा प्रिंटर आहे की प्रिंटरचा मॅक पत्ता चोरलेला लॅपटॉप आहे याचा अंदाज यंत्रणा बांधते. स्विचवरील डीएचसीपी स्नूपिंग त्याच संवादातून मॅक, आयपी, व्हीलॅन आणि पोर्ट यांची जुळणी नोंदवते. खोटी एआरपी उत्तरे (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅककडे आहे याची उत्तरे) रोखणारी तपासणी आणि दुसऱ्याचा पत्ता वापरणाऱ्याला पोर्टवरच अडवणारे आयपी सोर्स गार्ड, दोन्ही त्या नोंदवहीवरच विसंबतात. हाताने पत्ता टाकलेले यंत्र या नोंदवहीत येत नाही. मग एक तर त्या यंत्रासाठी प्रत्येक स्विचवर हाताने नोंद करावी लागते, नाही तर त्या पोर्टवर हे संरक्षण बंद ठेवावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दुसरा मार्ग धरला जातो, आणि शंभर स्थिर यंत्रे म्हणजे शंभर उघडी दारे असा हिशेब होतो. ही नोंदवही अनेक स्विचवर नुसती स्मृतीत असते आणि स्विच पुन्हा सुरू झाला की पुसली जाते, हेही ध्यानात ठेवा. ती फ्लॅशमध्ये किंवा सर्व्हरवर साठवण्याची आज्ञा दिली नसेल, तर वीज जाऊन आल्यावर वैध लीज असलेली यंत्रेही नूतनीकरण होईपर्यंत अडवली जातील.

स्थिर पत्ता कोणाला ठेवावा? गेटवे, स्विचचे व्यवस्थापन-पत्ते, डीएचसीपी, डीएनएस आणि रेडियस सर्व्हर, वायरलेस कंट्रोलर, फायरवॉल, व्हर्च्युअल यंत्रांचे होस्ट आणि साठवणूक-यंत्रे. ही सर्व कुलूपबंद खोलीत असतात, त्यांचे पोर्ट ठरलेले असतात आणि त्या पोर्टवर प्रवेश-नियंत्रण लावण्याचे कारणच नसते. लायसन्स सर्व्हर या यादीत मी घालत नाही. त्याला एकच पत्ता लागतो हे खरे, पण तो प्रयोगशाळेतील एखाद्या टेबलाखाली असेल तर राखीव पत्त्याने तेच काम होते. शिवाय प्रयोगशाळेतील संगणकांवर त्याचा आकडी पत्ता लिहिण्याऐवजी डीएनएसमधले नाव लिहिले असेल, तर पुढे पत्ता बदलण्याची वेळ आली तरी साठ संगणकांपुढे बसावे लागत नाही.

राखीव पत्ते करताना पहिला निर्णय जागेचा. यंत्रांचा आणि माणसांचा व्हीलॅन वेगळा करावा, आणि यंत्रांच्या स्कोपमध्ये बदलत्या पत्त्यांचा पूल ठेवूच नये, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ १०.४०.१२.० च्या २४ बिटांच्या सबनेटमध्ये १ ते १९ स्थिर यंत्रांसाठी बाजूला काढावेत, २० ते २५० राखीव ठरवावेत, आणि नोंद नसलेल्या यंत्राला येथून काहीच मिळू नये. नवा प्रिंटर आला की तो आधी विलगीकरणात पडतो, तेथे त्याला पाच मिनिटांच्या लीजचा पत्ता मिळतो, यंत्रणेत त्याचा मॅक पत्ता आणि पोर्ट दिसतो, आपण त्याची नोंद करून राखीव पत्ता लावता आणि पोर्ट क्षणभर बंद करून उघडता. प्रिंटर उठून योग्य व्हीलॅनमध्ये योग्य पत्ता घेतो. बॉक्सवरचा सोळा-आधारी आकडा वाचून टंकण्याची वेळच येत नाही, आणि आठला बी वाचण्याची भीतीही उरत नाही.

पोर्ट उघडबंद करणे येथे महत्त्वाचे आहे. नुसता व्हीलॅन बदलला तर यंत्राला त्याची खबर लागत नाही आणि ते जुनाच पत्ता धरून बसते. रेडियस सर्व्हरकडून चालू सत्रातच बदल कळवण्याची जी पद्धत आहे, तीत पोर्ट उघडबंद करण्याची आज्ञाही अनेक स्विच मानतात. पण यंत्र आणि आपला स्विच यांच्यामध्ये विभागाने परस्पर आणलेला आठ पोर्टचा छोटा स्विच असेल, तर यंत्राकडची जोडणी तुटतच नाही आणि पत्ता बदलत नाही. असे छोटे स्विच शोधून काढणे हे पत्त्यांच्या व्यवस्थेचेच काम समजा. टेबलाखालच्या स्विचने घातलेला घोळ आणि यंत्रणेतील बिघाड बाहेरून अगदी सारखे दिसतात.

सर्व्हरनुसार काही बारकावे आहेत. विंडोजच्या डीएचसीपीमध्ये राखीव पत्ता स्कोपच्या आत असला तरी सर्व्हर तो दुसऱ्याला देत नाही. आयएससीच्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये तसे नाही. तेथे होस्टसाठी ठरवलेला पत्ता पूलमधून आपोआप वगळला जात नाही, म्हणून तो पूलच्या बाहेरच ठेवावा लागतो. शिवाय अशा ठरवून दिलेल्या पत्त्यांची लीज तो सर्व्हर आपल्या लीजच्या फायलीत लिहीत नाही, फक्त सिस्टम लॉगमध्ये ओळ टाकतो. कोणत्या दिवशी कोणता पत्ता कोणाकडे होता हे नंतर शोधायचे असेल, तर तो लॉगच जपला पाहिजे. आयएससीने हा सर्व्हर २०२२ मध्ये थांबवला आणि त्याची जागा कियाने घेतली आहे, तेव्हा नव्याने काही उभारत असाल तर कियाच पाहावा. विंडोजमध्ये दोन सर्व्हरची फेलओव्हर जोडी (एक बंद पडला तर दुसरा काम सांभाळेल अशी) असेल, तर लीज दोन्हीकडे आपोआप जातात पण नव्याने केलेले राखीव पत्ते जात नाहीत. ते जोडीदाराकडे पाठवण्याची आज्ञा आपणच द्यावी लागते. ही आज्ञा न दिलेला सर्व्हर महिनोन्‌महिने काही बोलत नाही, आणि पहिला सर्व्हर देखभालीसाठी बंद केला त्या दिवशी निम्मे प्रिंटर पत्त्याविना राहतात. रोज रात्री ती आज्ञा आपोआप चालेल असे लावून ठेवावे.

लिनक्स यंत्रांकडे विशेष लक्ष द्या. उबुंटूच्या १८.०४ पासूनच्या सर्व्हर आवृत्त्या डीएचसीपीला ओळख सांगताना मॅकऐवजी यंत्राच्या स्वतःच्या ओळखक्रमांकापासून बनवलेली खूण पाठवतात. त्यामुळे मॅकवर केलेली राखीव नोंद काही सर्व्हरवर लागूच होत नाही. आणि एकाच प्रतीवरून बनवलेल्या पाच व्हर्च्युअल यंत्रांचा ओळखक्रमांक बदलायचा राहिला, तर पाचही जणी एकच पत्ता मागतात. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क-मांडणीच्या) फायलीत ओळख म्हणून मॅक वापरण्याची एक ओळ घातली की पहिला प्रश्न मिटतो, आणि प्रत घेताना ओळखक्रमांक पुसला की दुसरा. लॅपटॉपच्या बाबतीत डॉकचा (केबल, पडदा वगैरे एकत्र जोडणाऱ्या तळाचा) मॅक पत्ता नोंदवला जातो आणि डॉक बदलला की राखीव पत्ता दुसऱ्याकडे जातो. फोनवर तर वायफायचा मॅक पत्ताच खरा नसतो. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, प्रत्येक वायफायसाठी वेगळा बनावट मॅक वापरणे हीच मूळ मांडणी आहे. म्हणून माणसांच्या उपकरणांना राखीव पत्ते देण्याच्या फंदात पडू नये. त्यांची ओळख वापरकर्त्याच्या नावावरून किंवा प्रमाणपत्रावरून पटवावी आणि पत्ता कोणताही मिळू द्यावा.

‘आयपी कॉन्फ्लिक्ट’च्या तक्रारींमध्ये तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे पूलमधला पत्ता कोणीतरी परस्पर हाताने टाकलेला असतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसला हा प्रकार आहे, कंडक्टरच्या तक्त्यात ती जागा मोकळीच असते आणि तो ती रीतसर दुसऱ्याला देतो. सोर्स गार्ड सुरू झाले की हा प्रकार पोर्टवरच थांबतो. दुसरी म्हणजे कारखान्यातून आलेले पत्ते. कॅमेऱ्यांची एक खेप एकदम लावली की सगळे १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ सारखा एकच पत्ता घेऊन उठतात. ते लावणाऱ्या ठेकेदाराला आधी डीएचसीपी चालू करून मगच केबल जोडण्याची अट कार्यादेशातच लिहून द्यावी.

तिसरी गोष्ट खोट्या तक्रारीची आहे आणि ती नेमकी प्रवेश-नियंत्रण बसवल्यावरच उगवते. यंत्र कोणत्या पत्त्यावर आहे याचा माग ठेवण्यासाठी काही स्विच त्याला अधूनमधून एआरपीने विचारतात आणि त्या विचारणेत स्वतःचा पत्ता ०.०.०.० असा घालतात. विंडोज व्हिस्टापासून पुढची विंडोज नवा पत्ता वापरण्यापूर्वी तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना हे तपासते आणि तीही अशीच ०.०.०.० ची विचारणा असते. दोन्ही एका वेळी झाल्या की संगणकाला वाटते, आपलाच पत्ता दुसरे कोणी मागत आहे, आणि तो कॉन्फ्लिक्टची पाटी दाखवून पत्ता सोडून देतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये प्रतिस्पर्धी म्हणून जो मॅक पत्ता लिहिलेला असतो तो कोणत्याही संगणकाचा नसून आपल्या स्विचचाच निघतो. स्विचची विचारणा जोडणी सुरू झाल्यावर १० सेकंद उशिरा करावी, किंवा तिच्यात स्विचचा खरा पत्ता घालावा, असे दोन उपाय आहेत. हे न तपासता केवळ तक्रारींना कंटाळून पुन्हा स्थिर पत्त्यांकडे वळू नये. विंडोज स्थिर पत्त्याचीही हीच तपासणी करते, तेव्हा तक्रार तेथेही येईल.

राखीव पत्ता म्हणजे परवानगी नव्हे, हा भाग मात्र यंत्रणा विकणारे फारसे सांगत नाहीत. प्रिंटरचा मॅक पत्ता त्याच्या पाठीवरील स्टिकरवर छापलेला असतो. तो लॅपटॉपला लावून प्रिंटरची केबल जोडणाऱ्या विद्यार्थ्याला व्हीलॅनही मिळेल आणि राखीव पत्ताही मिळेल. म्हणून यंत्रांच्या व्हीलॅनला जेवढे लागते तेवढेच द्यावे: प्रिंटरशी फक्त प्रिंट सर्व्हरने बोलावे, हजेरी यंत्राने फक्त हजेरीच्या सर्व्हरशी, कॅमेऱ्याने फक्त रेकॉर्डरशी, आणि इंटरनेट कोणालाच नको. मग चोरलेल्या मॅक पत्त्याने हाती काहीच लागत नाही.

नोंदवही हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग. एक्सेलची फाईल दोन माणसांच्या हाती गेली की तिच्या दोन आवृत्त्या होतात. नेटबॉक्स किंवा पीएचपीआयपॅम यांपैकी एखादी मोफत प्रणाली एका लहानशा व्हर्च्युअल यंत्रावर चालते. प्रत्येक राखीव पत्त्यासमोर यंत्र, खोली, जबाबदार विभाग, देण्याचे कारण आणि फेरतपासणीचा महिना असावा. नव्वद दिवस न दिसलेल्या यंत्राचा पत्ता विचारून काढून घ्यावा. माणसाच्या नावाऐवजी विभाग लिहावा, माणसे निवृत्त होतात. भारतातील संस्थांना यात एक कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इनच्या (भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यांच्या कक्षेत येणाऱ्या संस्थांनी आपल्या माहिती-प्रणालींचे लॉग १८० दिवस जपायचे असतात, घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची असतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. आपली संस्था त्या कक्षेत कशी येते हे कायदेशीर सल्लागाराला विचारावे. पण सहा तासांत उत्तर द्यायचे तर त्या वेळी तो पत्ता कोणत्या पोर्टवर, कोणाच्या नावावर होता हे रेडियसच्या आणि डीएचसीपीच्या लॉगवरून जुळले पाहिजे, आणि फायरवॉलचे घड्याळ चार मिनिटे पुढे असेल तर ते जुळत नाही.

राहिले विभागप्रमुखांचे संगणक. त्यांना ठरलेलाच पत्ता का हवा असतो, हे उघडपणे कोणी सांगत नाही. फायरवॉलमध्ये काही पत्त्यांना गाळणीतून सूट दिलेली असते आणि तो ‘खुला आयपी’ हातचा जाऊ नये, एवढेच त्यामागे असते. तो पत्ता संध्याकाळी पाचनंतर प्रयोगशाळेतील कोणीतरी वापरत असतो हेही सर्वांना ठाऊक असते. सूट पत्त्याला देऊ नये, माणसाच्या नावाला द्यावी. रेडियसकडून येणाऱ्या सत्राच्या नोंदी बहुतेक फायरवॉलना वाचता येतात, त्यामुळे ‘विभागप्रमुख’ गटातील वापरकर्ता ज्या पत्त्यावर आत येईल त्या पत्त्याला तेवढ्यापुरती सूट मिळते. सरांना सांगताना ‘आपला आयपी काढून घेत आहोत’ असे म्हणू नये. आता ही सोय ग्रंथालयात आणि सभागृहातही आपल्याबरोबर येईल असे सांगावे, आणि ते खरेही आहे.

बदल एका इमारतीपासून सुरू करावा आणि प्रिंटरपासून करावा. प्रत्येक प्रिंटरचा आजचा पत्ता आहे तोच राखीव करावा, मग त्याच्या मेनूत जाऊन डीएचसीपी चालू करावे. छपाईच्या रांगा, स्कॅनचे फोल्डर काहीच बदलावे लागत नाही. सर्व्हरवरील नोंद आधी आणि मेनूतील बदल नंतर, हा क्रम चुकवू नये. त्यानंतर हजेरी यंत्रे, पण महिनाअखेरीचा आठवडा टाळून, कारण वेतनाची हजेरी तेव्हाच उतरवली जाते. त्यांच्यानंतर कॅमेरे, रेकॉर्डरमधली प्रत्येक वाहिनी दिसते याची खात्री करून. लायसन्स सर्व्हर परीक्षा संपल्यावर. विभागप्रमुखांचे संगणक सर्वांत शेवटी, आणि फायरवॉलचा नवा नियम निदान आठवडाभर जुन्याच्या जोडीने चालवून पाहिल्यावर. एका इमारतीतील सर्व स्थिर यंत्रे हलली की त्या इमारतीच्या स्विचवर एआरपीची तपासणी आणि सोर्स गार्ड आधी फक्त नोंद घेण्याच्या पद्धतीने, आपल्या स्विचवर ती सोय असल्यास, चालू करून लॉग वाचावा. त्यात जे पत्ते दिसतील ती आपल्या यादीत नसलेली यंत्रे होत, आणि अशी यंत्रे प्रत्येक इमारतीत निघतात.